मजुराची कथा लिहिताय? आधी रोजीचा हिशोब मांडा

दिवाळी अंकाचे दिवस जवळ आले की मजूर आणि भटक्यांवरच्या कथांचा ढीग वाचायला येतो. निम्म्याहून जास्त कथांत बाई विटा वाहते, पोर झाडाच्या सावलीत रडतं, ठेकेदाराला मिशा असतात आणि शेवटच्या परिच्छेदात कोणीतरी मरतं. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते, त्यात वाद नाही. पण सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या बाईने नेमकं काय केलं, तिला किती मिळाले आणि त्यातले कोणाला द्यायचे होते, हे त्याला ठाऊक नसतं. ती जागा मग विशेषणांनी भरली जाते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे क्रम बदलणं. आधी काम, मग पैसा, मग कागद, मग माणसांचं बोलणं. भावना त्यानंतर. खालचे टप्पे नागपूर आणि आसपासचा परिसर समोर ठेवून लिहिले आहेत. दुसऱ्या शहरात कामं वेगळी मिळतील, क्रम हाच राहील.

## १. 'गरीब माणूस' नको, एक काम निवडा

नागपुरात काम शोधायला लांब जावं लागत नाही. चौकात ठिय्यावर, म्हणजे मजूर-अड्ड्यावर, उभे राहणारे मिस्त्री आणि रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया) आहेत, कळमन्याच्या बाजारातले हमाल आहेत, यंत्रमागावर रात्रपाळी करणारे आहेत. काटोल-नरखेडकडे संत्रा तोडणारे, विटभट्टीवर जोडीने राबणारे, छत्तीसगड-बालाघाटहून आलेले बांधकाम मजूर आहेत. भटक्यांत बहुरूपी, नंदीबैलवाले, जडीबुटी विकणारे वैदू आहेत. इतवारीच्या सराफ्यातली नाल्यांची माती धुऊन सोन्याचा कण शोधणारे सोनझारी आहेत.

यातलं एक घ्या. त्या कामातली पायरीही ठरवा. एकाच साइटवर मिस्त्री, त्याचा हाताखालचा, सेंट्रिंगवाला, लोखंड बांधणारा आणि रेजा यांची रोजी वेगळी, पाणी पिण्याची जागा वेगळी आणि दुपारी डबा कोणासोबत उघडायचा तेही वेगळं. 'मजूर' एवढंच लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

मग महिना ठरवा. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड दिवाळीच्या आगेमागे, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. कच्ची वीट पावसाळ्यात पाडता येत नाही. धानाच्या रोवणीला छत्तीसगडचे बरेच मजूर गावी जातात, तेव्हा इथल्या ठिय्यावर भाव बदलतो. मे महिन्यात, नवतप्याच्या सुमारास, साइटवर दुपारी बारा वाजता कोणी धावपळ करत नाही. पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि माणसं सावली धरतात.

काळाची एक चूक फार होते. एम्प्रेस मिल ही नागपूरची कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. आजच्या कथेतला तिशीचा तरुण मिलच्या भोंग्यावर उठू शकत नाही. त्याचा बाप उठत असेल. आणि तीच कथा हवी असेल तर बापाची लिहा.

तपासा: पात्राचा एक दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत दहा ओळींत लिहा, एकही विशेषण न वापरता. अडखळलात तर पुढे जाऊ नका, दुसरा टप्पा आधी करा.

## २. पाहायला जा, पण वेळ साधून

ठिय्यावर सकाळी सातच्या सुमारास पोहोचा. चहाच्या टपरीशी उभं राहा. आठच्या आसपास गर्दी भरात असते. मोटरसायकलवर ठेकेदार किंवा घरमालक येतो, गाडी बंद न करताच विचारतो, "येतो का कामाला? किती घेशील?" "किती जण? कुठं जायचं?" विचारत पाच-सहा जण एकदम गाडीला भिडतात. मिस्त्रीच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि सूत असतं, त्यामुळे त्याला लांबूनच ओळखतात. रेजाच्या हातात डब्याची पिशवी आणि चुंबळीचं फडकं. बाईला भाव कमी सांगितला जातो आणि हे तिथं सगळ्यांना आधीपासून माहीत असतं.

बहुतेक नवखे लेखक इथूनच परत फिरतात. तुम्ही थांबा. दहा वाजेपर्यंत थांबा. ज्यांना कोणी नेलं नाही ते काय करतात ते पाहा. काहीजण तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) टाकून अजून अर्धा तास काढतात. कोणी घरी न जाता दुसऱ्या चौकात जातं, कारण इतक्या लवकर घरी गेलं की गल्लीला कळतं. कोणी निम्म्या रोजीवर अर्धा दिवस धरतो आणि त्यामुळे शेजारचा त्याच्यावर भडकतो. कथा या दोन तासांत आहे.

विचारायचं ते साधं विचारा. काल कुठं होतं काम? डबा कोण करते? शेवटचा हप्ता पुरा भेटला का? 'तुम्हाला कसं वाटतं' हा प्रश्न टीव्हीवाल्यांचा आहे. तो विचारलात की तुम्हाला त्यांनी टीव्हीला दिलेलंच उत्तर मिळेल.

सावध: भाव ठरत असताना मध्ये बोलू नका. तुमच्या एका प्रश्नापायी त्याचा दिवस जाऊ शकतो. मोबाइल खिशात ठेवा. लिहायचं ते घरी येऊन लिहा.

भटक्यांच्या पालावर जाणं वेगळं. तिथं एकट्याने, न सांगता जाऊ नये. त्यांच्यात ऊठबस असलेला शिक्षक किंवा कार्यकर्ता सोबत घ्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ही गोष्ट पालापालावर माहीत आहे. अनोळखी माणूस लेकरांचे फोटो काढू लागला तर तुमच्याइतकीच शंका त्यांनाही येते, आणि त्यांच्याकडे तिला जास्त कारण आहे.

ज्याने सांगितलं त्याचं आयुष्य जसंच्या तसं उचलू नका. नुसतं नाव बदलून भागत नाही, वस्तीत लोक लगेच ओळखतात. मोहल्ला, लेकरांची संख्या, अपघाताचं कारण बदला. दोन-तीन माणसांचं मिळून एक पात्र करा.

## ३. हिशोबाचा कागद

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. एका कोऱ्या कागदावर पात्राच्या घरातला आठवड्याचा पैसा मांडा. खाली उदाहरण आहे. आकडे कल्पनेतले आहेत, तुमच्या पात्राचे तुम्ही विचारून भरा.

समजा रेजाची रोजी ४५०. आठवड्यात पाच दिवस काम लागलं तर २,२५०. नवरा सध्या घरी आहे. खोलीभाडं महिन्याचं दोन हजार, म्हणजे आठवड्याला ५००. किराणा ८००. महिला गटाचा हप्ता ३५०. ऑटोचे रोज २० प्रमाणे १००. नवऱ्याचा खर्रा दिवसाला २०, म्हणजे १४०. मोबाइल रिचार्ज महिन्याचा ३००, म्हणजे आठवड्याला ७५. एकूण १,९६५. हातात राहिले २८५.

आता एक खाडा करा. पोराला ताप आला, ती एक दिवस गेली नाही. ४५० गेले, ऑटोचे वीस वाचले. शिल्लक संपून १४५ रुपयांची तूट आली. दवाखाना अजून धरलेलाच नाही.

हे १४५ रुपये कुठून येणार? तीन दारं आहेत. किराणेवाल्याकडे उधारी वाढवली तर कथा त्याच्या दुकानात घडेल, चार गिऱ्हाइकांसमोर. गटाचा हप्ता चुकवला तर गटातल्या बाया दारात येतील, कारण तिचे पैसे त्यांना भरावे लागतात. इथं बाईला बाईच टोकते आणि कोणीच खलनायक नसतं. तिसरं दार ठेकेदाराचं. त्याच्याकडून उचल घेतली की पुढच्या महिन्यात दुसरीकडे पन्नास रुपये जास्त मिळत असले तरी तिला जाता येत नाही. एकाच आकड्यातून तीन वेगळ्या कथा निघाल्या. यातली एक निवडा. तिन्ही एकत्र कोंबू नका.

रोजीऐवजी नगावर पैसे मिळत असतील तर कागद वेगळा होतो. विटभट्टीवर हिशोब हजार विटांमागे, आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्यातून फिटत जाते. अवकाळी पाऊस आला, वाळत घातलेल्या कच्च्या विटा विरघळल्या. त्या पाडण्याचे पैसे कोणाच्या खाती? एवढ्या एका प्रश्नावर अख्खी कथा उभी राहते. गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपानाचा हिशोब पुड्यावर असतो, ७० पानांचा एक पुडा. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजणाऱ्याने खराब म्हणून किती बाजूला टाकले, यावर त्या कुटुंबाचा दिवस ठरतो.

तपासा: कोण कोणाचं किती देणं लागतो, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर तुमच्याकडे अजून कथा नाही, परिस्थितीचं वर्णन आहे.

हा कागद कथेत छापायचा नाही. त्यातला एखादाच आकडा कथेत आला तरी पुरे. बाकीचे आकडे पात्राच्या वागण्यात दिसतील, उदाहरणार्थ ती ऑटोला हात दाखवते की चालत निघते यात.

## ४. कागदपत्रांत नाट्य आहे, ते शोधा

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठिय्यावरचा मजूर वर्षात पन्नास मालकांकडे काम करतो. आज याचं प्लास्टर, उद्या त्याचा नाला. ९० दिवसांवर सही कोण करणार? जो करतो तो फुकट करतो का?

भटक्यांसाठी याहून कठीण. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातला रहिवास दाखवावा लागतो. आजोबाची शाळेतली नोंद, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जमिनीचा जुना कागद. ज्याचा आजोबा पालात जन्मला आणि वेशीबाहेर मेला, त्याच्या नातवाने खिडकीशी कोणता कागद सरकवायचा? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिली झडती पालाची, ही रीत कायद्याबरोबर गेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप आणि अस्वल घेऊन फिरणाऱ्यांचा धंदाच बेकायदा झाला. प्राण्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण माणसाला पर्यायी काम कोणी दिलं नाही.

सावध: ही माहिती कथेत भाषण म्हणून आली की वाचक पान उलटतो. एक कागद, एक खिडकी, एक कारकून. कारकून दुष्ट नसेल तर जास्त बरं. नियम वाचून दाखवणारा सभ्य माणूस वाचकाला जास्त बोचतो.

## ५. भटका म्हणजे वाऱ्यावरचा नव्हे

"ना घर ना दार, मुक्त पाखरू" हे वाक्य तुमच्या कच्च्या खर्ड्यात असेल तर आत्ताच खोडा. भटक्यांची वाट बहुधा ठरलेली असते. कोणत्या गावात सुगीनंतर जायचं, कोणतं गाव कोणत्या भावाच्या वाट्याचं, पावसाळ्यात पाल कुठं टाकायचं, हे घराघरांत वाटून दिलेलं असतं. म्हणून भांडणही तिथंच होतं. दुसऱ्याच्या वाट्याच्या गावात मागायला गेलात की प्रकरण जातपंचायतीपर्यंत जातं.

बहुरूपी घ्या. तो पोलिसाच्या वेशात येतो, खोटं वॉरंट काढतो, तुमच्यावर लग्नाला न आल्याचा गुन्हा लावतो. पूर्वी अंगणात हसू पिकायचं. आता नव्या लेआउटमध्ये सोसायटीचा गार्ड त्याला फाटकावर अडवतो आणि खऱ्या पोलिसाला फोन लावतो. वेशाखालच्या खिशात आधारकार्ड आहे. ते दाखवलं की सोंग मोडतं आणि दान गेलं. नाही दाखवलं तर मार पडू शकतो. पात्राला असं कात्रीत धरा आणि निर्णय त्याला घेऊ द्या. हळहळ तुम्हाला लिहावी लागणार नाही.

## ६. एक दिवस, एक व्यवहार

लघुकथेत जन्मापासूनची कहाणी मावत नाही. एक दिवस घ्या, जमल्यास दिवसातला एकच व्यवहार. आणि असा दिवस निवडा ज्या दिवशी पात्राच्या हातात थोडी तरी ताकद आहे.

बांधकामावर तो दिवस स्लॅबचा. काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही. अर्धा स्लॅब सुकला तर जोड राहतो, पुढे पाणी झिरपतं. मिक्सर फिरत असतो, घमेल्यांची रांग वरपर्यंत लागलेली असते, अंधार पडला तर हॅलोजन लावून काम पुरं करतात. एरवी ठेकेदार म्हणेल ते खरं. स्लॅबच्या दिवशी मात्र रांगेतल्या चार बाया खाली बसल्या तर त्याला घाम फुटतो. मागच्या तीन हप्त्यांची बाकी मागायला याहून चांगली वेळ नाही, आणि हे तिलाही कळतं. पण उद्यापासून तो तिला कामावर घेणार नाही, हेही कळतं.

क्रम असा ठेवा:

अ) पहिल्या काही ओळींत हातातली वस्तू आणि काम. हवामान नंतर.
आ) तिला आज काय हवंय ते लवकर येऊ द्या.
इ) मागणी आणि नकार. नकार सरळ नसावा. "देतो ना बाई, मी काय पळून चाललो?" हाही नकारच.
ई) तिचा निर्णय.
उ) निर्णयाची किंमत कोणी मोजली.

एक नमुना पाहा. असं नको: "तिच्या डोळ्यांत युगायुगांचं दुःख दाटून आलं होतं. शोषणाच्या चक्रात ती भरडली जात होती."

असं चालेल: "सुमनने घमेलं घेतलं आणि पुढे दिलंच नाही. काठावर धरून उभी राहिली. मागची म्हणाली, 'दे ना वं, सुकून राह्यला माल.' सुमन वर पाहत होती. वरून मिस्त्री ओरडला. मिक्सरवाल्याने मान वळवली. ठेकेदार सावलीतून उठला, तेव्हा कुठे तिने घमेलं जमिनीवर ठेवलं, सांडू न देता."

'सांडू न देता' हे शब्द काढून वाचून पाहा, म्हणजे बारकावा कुठे लागतो ते कळेल. अडवणूक करतानाही तिला माल वाया घालवता येत नाही.

## ७. बोलणं कोणाचं कसं

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद नागपुरी वळणाचे. निवेदनही बोलीत करायचं असेल तर ती तुमच्या घरातली बोली असली पाहिजे. ऐकून उचललेली बोली दोन पानांत उघडी पडते.

"काहून, आज अर्धेच?"
"बाकीचे पुढच्या हप्त्याले."
"मागच्या हप्त्याले बी हेच म्हनलं होतं तुमी."

एवढं पुरे. प्रत्येक वाक्यात 'बाप्पा' आणि 'बे' पेरलं की सिनेमातला विनोदी नोकर तयार होतो. ठेकेदार मजुराला 'बे' म्हणेल, मजूर ठेकेदाराला 'सेठ' किंवा 'साहेब', मिस्त्रीला 'मिस्तरी' नाहीतर 'भाऊ'. म्हाताऱ्या रेजाला ठेकेदारही 'मावशी' म्हणतो, पैसे मात्र देत नाही.

छत्तीसगडच्या मजुराच्या तोंडी नागपुरी बोली घालू नका. तो मिस्त्रीशी मोडक्या हिंदीत बोलेल, बायकोशी स्वतःच्या बोलीत. भटक्यांची आपसातली बोली तुम्हाला येत नसेल तर बनवू नका. 'ते आपसात काही बोलले, मग म्हातारा मराठीत म्हणाला' असं लिहिणं प्रामाणिकही आहे आणि वाचकाला बाहेर उभं करणारंही.

सावध: नागपुरात लिहिताय हे विसरू नका. १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस, या शहरात घडला आहे. इंदोऱ्यासारख्या वस्तीतली रेजा घरात बाबासाहेबांचा फोटो लावते, 'जय भीम' म्हणते, मुलीची फी भरण्यासाठी दागिना मोडते. ती हात जोडून "तुम्हीच मायबाप" म्हणणार नाही. हे वाक्य मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कथेत वाचतो, आणि तिथंच कथा बाजूला ठेवतो.

## ८. मारू नका, सुधारूही नका

दोन शेवट फार स्वस्त झाले आहेत. एक म्हणजे मरण: बांधकामाच्या पहाडावरून, म्हणजे परांचीवरून, पडून, पावसात, नाहीतर रेल्वेखाली. दुसरा, पोराला कचऱ्यात पुस्तक सापडतं. अपघात होतात, साइटवर माणसं पडून मरतात, हे खरंच आहे. तसं लिहायचं असेल तर मरणानंतरचा हिशोब लिहा. मयताच्या घरी किती देऊन मिटवलं, पडलेल्याच्या जागी दुसऱ्या दिवशी कोण उभा राहिला. मरण कथेच्या मध्यात आणा.

एरवी व्यवहार पुरा झाला की थांबा. पैसे मिळाले किंवा नाही, काम राहिलं किंवा गेलं. त्यावर सूर्यास्त लावू नका.

## ९. दुसरा हात आणि पाठवणी

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग लाल पेन घेऊन 'बिचारी', 'अगतिक', 'भेदरलेली', 'शून्यात पाहणारी' असे शब्द शोधून खोडा. खोडल्यावर वाक्य कोसळलं तर त्या जागी एक कृती लिहा.

नंतर ते काम केलेल्या माणसाला कथा वाचून दाखवा. त्याला शैलीबद्दल विचारू नका. 'काम बरोबर लिहिलंय का' एवढंच विचारा. रेतीच्या घमेल्याला सिमेंटचं वजन दिलंत, थापीच्या जागी करणी लिहिलीत, तर तो लगेच सांगेल. तो हसला तर कुठे हसला ते टिपून घ्या. बहुधा तिथंच तुम्ही सगळ्यांत गंभीर झालेला असता.

दिवाळी अंकाला कथा द्यायची तर उन्हाळ्यातच पुरी करा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात सुरू होते आणि गणपतीनंतर आलेलं साहित्य बहुतेक संपादक पुढच्या वर्षावर ढकलतात. युनिकोडमध्ये टाइप करून, शब्दसंख्या लिहून पाठवा. सोबत 'वंचितांच्या वेदनेला वाचा फोडण्याचा अल्पसा प्रयत्न' असलं पत्र जोडू नका. नाव, गाव, फोन आणि कथा. एकच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नका, आणि होकार-नकार कळवण्याची मुदत आधीच विचारून घ्या.